कागदात नसलेली फुलं

पाच वर्षांपूर्वी मी एक तक्ता केला होता. कपड्यांच्या एका ब्रँडला 'जपानी फुलांचे' कुर्ते काढायचे होते आणि प्रत्येक कुर्त्याला अडकवायच्या चिठ्ठीवर त्या त्या फुलाचा अर्थ छापायचा होता. मी जपानीची अनुवादक, म्हणून काम माझ्याकडे आलं. बारा ओळी केल्या. डावीकडे फूल, उजवीकडे अर्थ. साकुरा : क्षणभंगुरता. शेवंती : दीर्घायुष्य. उमे, म्हणजे प्लमचं फूल : चिकाटी. कॅमेलियापुढे मी लिहिलं, 'अशुभ, टाळावं', आणि त्यांनी खरोखरच तो कुर्ता रद्द केला. पैसे वेळेवर मिळाले. वर्षभरानं माझ्याच मावशीनं तो तक्ता मला 'शुभ सकाळ'सोबत व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'बघ, किती छान माहिती!'

त्या बारा ओळींत धादांत खोटं असं काही नव्हतं. तरी तक्ता चुकला होता. कसा चुकला, हे कळायला मला नागोयात दोन वर्षं राहावं लागलं. आणि काही भोकं पाडलेले कागद बघावे लागले.

सुझुका हे नाव तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी फॉर्म्युला वनमुळे ऐकलं असेल. तिथे होंडाचा कारखाना आहे आणि १९६२ सालापासूनचा रेसचा ट्रॅक आहे. रेसच्या दिवसांत नागोयाहून किन्तेत्सु रेल्वेच्या गाड्या खच्चून भरून येतात आणि शिरोको नावाच्या स्टेशनावर रिकाम्या होतात. मी तिथे नोव्हेंबरातल्या एका शनिवारी उतरले तेव्हा माझ्याबरोबर चार शाळकरी पोरं आणि एक सायकलवाले काका होते. शिरोको आणि त्याला लागून असलेलं जिके, या दोन गावांनी काही शतकं अख्ख्या जपानच्या अंगावरची फुलं पुरवली. फुलं म्हणजे कातागामि. 'काता' म्हणजे साचा, 'गामि' म्हणजे 'कामि', कागद. कापड रंगवायच्या कागदी स्टेन्सिल.

माझ्या आजीकडे ठिपक्यांच्या रांगोळीचा कागद होता. वर्तमानपत्राला उदबत्तीनं ओळीत भोकं पाडलेली, कडा तपकिरी जळलेल्या. कागद जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, उचलायचा. शिरोकोतल्या संग्रहालयात (एका जुन्या स्टेन्सिल-व्यापाऱ्याच्या घरातच ते आहे) पहिला कातागामि बघितला तेव्हा तोच तपकिरी रंग दिसला आणि मला क्षणभर वाटलं, हे तर मला माहीत आहे. मग जवळ गेले. बोटाच्या पेराएवढ्या जागेत भोकं मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

हा कागद कसा होतो ते जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तुतीच्या कुळातल्या कोझो नावाच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या हातकागदाचे साधारण तीन ताव घ्यायचे. त्यांच्या तंतूंची दिशा आडवी-उभी अशी आलटून पालटून ठेवायची, म्हणजे कागद ओला झाला तरी ताणला जात नाही. चिकटवायला काकीच्या कच्च्या फळांचा आंबवलेला तुरट रस. काकी म्हणजे पर्सिमॉन. आपल्याकडे ज्याच्या पानांच्या विड्या वळतात त्या टेंभुर्णीच्या भावकीतलं हे फळ. मग वाळवायचं, भुश्याच्या धुरात ठेवायचं, पुन्हा रस, पुन्हा धूर. त्यातून कातड्यासारखा चिवट, पाण्याला दाद न देणारा तपकिरी कागद तयार होतो. असे काही ताव एकावर एक ठेवून कारागीर एकदम कोरतो. अर्धगोल पात्याची बारीक आरी उभी धरून गरकन फिरवली की एक भोक. अशा भोकांचं सर्वांत बारीक काम तीन सेंटीमीटरच्या चौकोनात ९००च्या आसपास जातं. फुलाच्या पाकळीच्या आकाराचंच पोलादी पातं घडवून दाबायचं, ही दुसरी रीत. उभं पातं पुढे ढकलत वळणं कापायची, ही तिसरी. आणि पोलादी पट्टीच्या आधारानं रेषा ओढायच्या, ही चौथी. यात एका सेंटीमीटरमध्ये दहा-अकरा रेषा बसवणारे हात होऊन गेलेत.

मग रंगारी हा कागद कापडावर ठेवतो आणि लाकडी पट्टीनं त्यावरून खळ ओढतो. चिकट तांदळाचं पीठ आणि कोंडा यांची शिजवलेली खळ. भोकांतून ती कापडावर बसते. कागद उचलायचा, पुढे सरकवायचा, आधीच्या खुणेच्या टिंबावर टिंब बसवायचं, पुन्हा खळ. सगळं झालं की कापड रंगवायचं. खळ बसली तिथे रंग चढत नाही. शेवटी धुतलं की खळ निघून जाते आणि तिच्या जागी पांढरं फूल उरतं.

म्हणजे बघा, कागदावर जे फूल आपल्याला दिसतं ते कागदाचा गेलेला भाग असतं आणि कापडावर जे फूल उमटतं ते रंगाचा न लागलेला भाग असतो.

शिरोको-जिकेचं हे काम फोफावलं त्याला राजकारणही कारण होतं. १६१९पासून हा टापू किशु घराण्याच्या अमलाखाली आला. किशु म्हणजे तोकुगावा शोगुनांच्या तीन प्रमुख शाखांपैकी एक. त्यांच्या परवान्यानं इथले फेरीवाले स्टेन्सिलची गाठोडी घेऊन देशभर फिरत. वाटेत अडवणूक नाही, स्पर्धेला वाव नाही. गावोगावच्या रंगाऱ्यांना एडोत, म्हणजे आजच्या तोक्योत, काय चाललंय ते या फेरीवाल्यांकडून कळे. सामुराईंच्या औपचारिक पोशाखावर 'कोमोन', म्हणजे बारीक नक्षी, असे. लांबून एकरंगी कापड वाटावं, हातभर अंतरावर आल्यावर ठिपके दिसावेत. सरदार घराण्यांच्या राखीव नक्ष्या होत्या. किशुवाल्यांची होती 'सामे', शार्कच्या कातडीसारखी ठिपक्यांची कमान. भपक्याच्या कपड्यांवर सरकारी बंधनं होतीच. मग शहरी व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनीही हीच बारीक नक्षी उचलली आणि तिच्यात फुलं, मुळे, खिसण्या, वाट्टेल ते घातलं. बंदी पाळायची आणि चावटपणाही करायचा.

आता माझा तक्ता.

शेवंती : दीर्घायुष्य. बरोबर. पण का? एक चिनी गोष्ट जपाननं आपलीशी केली. राजाची मर्जी गेलेल्या एका पोराला डोंगरात हद्दपार केलं. त्यानं शेवंतीच्या पानांवर एक पवित्र वचन लिहिलं, त्या पानांवरचं दव ओढ्यात उतरलं, ते पाणी पिऊन तो ७०० वर्षं पोरच राहिला. नो नाटकात हा मुलगा अजून नाचतो. म्हणून वाहत्या पाण्यात शेवंती दिसली की ती नुसती शेवंती नसते, ते पाणी प्यायचं आहे. आणि नवव्या महिन्याच्या नवमीला शेवंतीचा सण असे. आदल्या रात्री राजवाड्यातल्या बायका फुलांवर पिंजलेल्या रेशमाची टोपी घालून ठेवत. सकाळी ती दवानं आणि वासानं ओली झालेली असे, तिनं तोंड पुसायचं, म्हातारपण लांब जातं. मुरासाकी शिकिबुला १००८ साली असं रेशीम भेट आल्याचं तिनं रोजनिशीत नोंदवलंय. त्यामुळे एखाद्या नक्षीत शेवंतीवर वाटोळा पुंजका दिसला तर तो ढग नाही. कुणीतरी पहाटेसाठी रात्रीच तयारी करून ठेवलीय.

हीच शेवंती सम्राटाचं सोळा पाकळ्यांचं चिन्ह आहे आणि आज जपानी पासपोर्टवर आहे. पण एडो काळात तोकुगावांच्या 'आओइ' पानाच्या चिन्हाला हात लावायची सोय नव्हती आणि शेवंती मात्र कुणीही अंगावर, डब्यावर, मिठाईवर मिरवत असे. तिच्यावर राखीवपणाची पाटी लागली ती मेइजी काळात, १८६८नंतर. दसऱ्याला दादरच्या फुलबाजारात शेवंतीचे ढीग बघितलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं.

काही अर्थ तर निव्वळ श्लेष आहेत. 'नान्तेन' हे लाल फळांचं झुडूप. 'नान्' म्हणजे संकट, 'तेन्' म्हणजे उलटणं. म्हणून नान्तेन अंगावर असलं की संकट उलटतं. एवढंच. त्यामागे कसलंही गूढ तत्त्वज्ञान नाही. 'शोबु' ही पाणथळ जागेतली वनस्पती, तलवारीसारख्या पानांची. त्याच उच्चाराचे दुसरे शब्द आहेत 'सामना' आणि 'शौर्याचा आदर'. म्हणून सामुराईंच्या कातडी पट्ट्यांवर शोबु, आणि पाच मेच्या मुलांच्या सणाला आंघोळीच्या पाण्यात शोबुची पानं. हे शोबु म्हणजे काय, ते शोधताना मला वनस्पतीशास्त्रातलं नाव सापडलं आणि मी हसले. ते आपलं वेखंड. बाळाला घुटीत उगाळून देतात ते. ज्याचा वास आमच्या घरी टाळू भरण्याच्या दिवसांशी जोडलेला, तो तिकडे लढाईचा वास.

कॅमेलियाबद्दल मात्र मी गुन्हाच केला. हे फूल पाकळी-पाकळीनं झडत नाही, मुळाशी सुटून अख्खंच्या अख्खं टपकन पडतं. त्यामुळे शीर उडाल्यासारखं वाटतं, सामुराई ते टाळत, असं शंभर ठिकाणी लिहिलेलं आहे. मीही लिहिलं. पण दुसरा तोकुगावा शोगुन हिदेतादा कॅमेलियाचा वेडा होता. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच्यापासून सुरू झालेलं खूळ इतकं वाढलं की कॅमेलियाच्या शेकडो जातींची चित्रं काढली गेली. सगळ्या सामुराईंचा मुख्य माणूसच ज्या फुलामागे वेडा, ते फूल सामुराई टाळत? एक कुर्ता उगाच मेला.

असागाओ, म्हणजे मॉर्निंग ग्लोरी, माझ्या तक्त्यात 'क्षणिक प्रेम' होती. हे कुठून उचललं होतं ते आता आठवतही नाही. ही वेल चीनमधून आली ती औषध म्हणून. बिया रेचक; आपल्याकडे त्यांना काळा दाणा म्हणतात. पुढे एकोणिसाव्या शतकात एडोच्या लोकांना तिच्या विकृत जातींचं वेड लागलं. पाकळ्या चिरफाळलेल्या, पानं मुरगळलेली, असागाओ म्हणून ओळखूच येणार नाही अशी फुलं कुंडीत लावायची आणि स्पर्धा भरवायच्या. पेठेतल्या माणसाला बाग परवडत नाही, कुंडी परवडते. त्यामुळे निळीत रंगवलेल्या सुती युकातावर जेव्हा असागाओ येते तेव्हा ती मला प्रेमापेक्षा चाळीच्या गॅलरीसारखी वाटते.

तसला एक युकाता मी घेतला होता. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात जत्रेला जाताना घातला. खाली घरमालकीणबाई भेटल्या. वय ऐंशीच्या पुढे, कमरेत वाकलेल्या, पण नजर सुईसारखी. 'छान दिसतेस हो,' म्हणाल्या. मग थोडं थांबून, 'फुलं अजून टिकलीत का तुझ्याकडे?' मला वाटलं, कुंडीबद्दल विचारतायत. दोन दिवसांनी माझ्या शिक्षिकेनं समजावलं तेव्हा मी लाजून लाल झाले. फूल बाहेर फुलायच्या थोडं आधी अंगावर यावं, बाहेर कोमेजू लागलं की अंगावरून उतरावं. भर उकाड्यात हागि, किक्यो, कासाच्या तुऱ्यांसारखं सुसुकि गवत, अशी शरदातली झाडं घालतात. बघणाऱ्याला जरा गार वाटावं म्हणून. उन्हाळी कापडावर बर्फाच्या कड्यांची नक्षीसुद्धा असते. सगळ्या ऋतूंची फुलं एकत्र घातलेली नक्षी बारमाही चालते, पण एकटं फूल घातलंत की तुम्ही तारीख सांगितलीत.

तक्त्यात 'तारीख' असा रकानाच नव्हता.

आणि 'कोण नाही' असाही नव्हता. याला जपानीत फार सुंदर शब्द आहे, 'रुसु-मोयो'. रुसु म्हणजे घरी नसणं. कुणीतरी घरी नसल्याची नक्षी. पाण्यात उभी पात्यांसारखी पानं, जांभळी फुलं आणि मधून वाकडीतिकडी गेलेली फळ्यांची साकव-वाट. एवढंच. माणूस नाही. पण ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे, की हे फूल काकित्सुबाता, जागा मिकावा प्रांतातली यात्सुहाशि, आठ फळ्यांचा पूल. आणि इथे 'इसे मोनोगातारी'च्या नवव्या प्रकरणातला, राजधानी सोडून पूर्वेकडे निघालेला तो माणूस थांबला होता. त्यानं फुलाच्या नावातली पाच अक्षरं ओळींच्या सुरुवातीला गुंफून मागे राहिलेल्या बायकोवर कविता केली आणि सोबत्यांचे अश्रू वाळलेल्या भातात पडून भात फुगला. (वाळवलेला भात हा प्रवासातला शिधा. इतक्या रडण्यात लेखकाला हा विनोद सुचला याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.) ओगाता कोरिननं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सोन्याच्या पडद्यांवर ही फुलं काढली तेव्हा पूलही काढून टाकला. ती फुलं २००४च्या पाच हजार येनच्या नोटेवर मागच्या बाजूला होती. मी ती नोट कितीदा तरी मोडली असेल.

यात्सुहाशि नागोयाहून लांब नाही. आज ते चिर्यु शहरात येतं. मेमध्ये तिथल्या देवळाच्या बागेत फुलं येतात, लोक फोटो काढतात. मीही काढले. फोटोत सगळीकडे माणसंच आली.

कातागामिच्या कोरक्याला ही नक्षी पहिल्यांदा सुचली तेव्हा त्यानं काय विचार केला असेल असं मला नेहमी वाटतं. फुलं कागदातून गेलेली, माणूस चित्रातून गेलेला, आणि बायको तर गोष्टीतही प्रत्यक्ष नाही.

इथे थोडं आपल्याकडे येते, कारण वाट खरोखर येते. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि मग डच जहाजांतून आपल्या किनाऱ्यावरचं छापील आणि चितारलेलं सुती कापड जपानला पोचलं. कोरोमांडलचं, गुजरातचं. जपानीत त्याला 'सारासा' म्हणतात. काही अभ्यासक हा शब्द गुजरातीतल्या 'सरस'शी जोडतात. मला ते पटून घ्यायला आवडतं. मद्रासजवळच्या सान थोमेवरून पट्ट्यांच्या कापडाला 'सान्तोमे' म्हणू लागले. चहाच्या विधीतले रसिक या कापडाच्या वितभर तुकड्यांच्या पिशव्या शिवून त्यात चहाच्या डब्या ठेवत. १७७८ साली सारासाच्या नक्ष्यांचं एक पुस्तक छापलं गेलं. मग जपानी रंगाऱ्यांनी ती भारतीय वेलबुट्टी करायचा घाट घातला आणि त्यासाठी ठोकळे न वापरता कातागामिच वापरले. एका नक्षीला वीस-तीस स्टेन्सिल, एकेका रंगाला आणि छटेला वेगळी. त्या वेलींवरचं फूल कुठलं? शेवंतीही नाही, कमळही नाही, डाळिंबही नाही. सगळ्यांचं थोडं थोडं. त्याला अर्थ नव्हता, कारण त्याची गोष्ट वाटेत समुद्रात राहिली होती. त्यामुळेच कदाचित ते कुठल्याही तारखेला चाललं असावं.

याच्या उलट प्रवास एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाला. जपान जगासाठी उघडलं आणि कातागामि हजारोंनी युरोपात गेले. ड्रेस्डेनच्या संग्रहालयानं १८८९मध्ये घेतलेला साठा १५,००० च्या वर आहे. तो शतकाहून जास्त काळ खोक्यांत पडून होता आणि २०१४ साली त्याचं मोठं प्रदर्शन झालं. लंडनमध्ये अँड्र्यू टुअरनं १८९२ साली शंभर स्टेन्सिलच्या छापांचं पुस्तक काढलं आणि प्रत्येक प्रतीत एक खरा कातागामि घातला. विचार करा, प्रत्येक प्रतीत. एवढी रद्दी त्याच्या हाताशी होती. कारण जपानी रंगाऱ्याच्या लेखी हे फक्त हत्यार होतं. खळीनं झिजलं, फाटलं की टाकायचं. कापड महत्त्वाचं. युरोपातल्या मंडळींनी हत्यार भिंतीवर लावलं, त्यावरून वॉलपेपर आणि कापडं काढली. त्यांना दिसलं ते सपाट, धीट, तालात फिरणारं फूल. घरी कोण नाही ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांना नावं ठेवत नाही. माझ्या तक्त्यापेक्षा त्यांनी बरं काम केलं; अर्थ माहीत असल्याचा आव तरी आणला नाही.

साकुरा मी मुद्दाम शेवटी ठेवलाय.

आधी ओळखायचं कसं ते सांगते. पाकळीच्या टोकाला खाच असेल तर साकुरा, गोल असेल तर उमे. आठव्या शतकातल्या 'मानयोशु' या काव्यसंग्रहात उमे साकुराच्या कितीतरी पुढे आहे. चीनहून आलेलं, बर्फात फुलणारं, शिकलेल्या माणसाचं फूल. साकुरा हळूहळू वर चढला आणि शे-दोनशे वर्षांत नुसतं 'फूल' म्हटलं की साकुरा, इथवर पोचला. तो लवकर झडतो हे कवींनी सांगितलं, खरं आहे. पण एडोच्या सामान्य माणसाला साकुरा म्हणजे मुख्यतः सहल. आठवा शोगुन योशिमुने यानं १७२०च्या सुमारास आसुकायामा टेकडीवर साकुराची झाडं लावून घेतली, लोकांना हिंडायला जागा व्हावी म्हणून. तिथे दारू प्यायची, गाणी म्हणायची, वेषांतर करून थट्टा करायची. योशिमुने शोगुन होण्याआधी कोण होता? किशुचा सरदार, म्हणजे शिरोकोचा मालक. त्या काळच्या स्टेन्सिलवरचा साकुरा बघा. ओढ्यावर तरंगणाऱ्या पाकळ्यांचे तराफे, पडद्यांमागचं पाणी, पेल्यात पडलेली पाकळी. मरण तिथे कुठे शोधायचं?

शिरोकोपासून तीसेक किलोमीटरवर मात्सुसाका आहे. तेही किशुच्याच अमलाखाली होतं. तिथे कापडाच्या एका व्यापाऱ्याच्या घरी मोतोओरी नोरिनागा जन्मला. एडोत पेढी असलेलं सुती कापडाचं घर. मुलगा मात्र वैद्य आणि पंडित झाला. साकुरावर त्याचं इतकं प्रेम, की मृत्युपत्रात त्यानं आपल्या समाधीचं चित्र काढून तिच्यावर डोंगरी साकुरा लावायला सांगितलं. १७९०मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, त्यानं स्वतःचं चित्र काढलं आणि त्यावर एक छोटी कविता लिहिली. जपानी मनाची तुलना सकाळच्या उन्हातल्या डोंगरी साकुराशी करणारी. त्या कवितेत फूल फुललेलं आहे. झडण्याचा शब्दही नाही.

१९४४च्या ऑक्टोबरात फिलिपिन्समध्ये जपानी नौदलानं आत्मघाती विमानांच्या पहिल्या तुकड्या उभ्या केल्या. त्यांची नावं शिकिशिमा, यामातो, आसाहि, यामाझाकुरा. चारही शब्द नोरिनागाच्या त्या कवितेतून उचललेले. वीस-बावीस वर्षांची पोरं. पुढे जे रॉकेटचं विमान केलं, ज्यात बसायचं ते फक्त आदळायला, त्याचं नाव ओका : साकुराचं फूल. मधल्या दीडशे वर्षांत काय झालं? बरंच काही. पण एक गोष्ट झाडाचीही झाली. एडोच्या अखेरीस सोमेइ गावच्या माळ्यांनी 'सोमेइ-योशिनो' ही जात प्रसिद्धीला आणली. ती कलमानंच वाढते, म्हणजे सगळी झाडं एकाच झाडाच्या नकला. एकदम फुलतात, एकदम झडतात. मेइजी सरकारच्या काळात ती शाळांत, छावण्यांत, किल्ल्यांत ओळीनं लागली. नोरिनागाचा डोंगरी साकुरा तसा नव्हे. त्याचं प्रत्येक झाड वेगळं, कुणी आधी फुलतं, कुणी नंतर, आणि फुलांबरोबर तांबूस पालवीही येते. सगळ्यांनी मिळून एका दिवशी पडायचं, हे त्याला जमणारच नव्हतं.

घरमालकीणबाईंना मी एकदा सहज विचारलं होतं, साकुराची नक्षी घालता का? त्यांच्याकडे किमोनोंचं आख्खं कपाट होतं. त्या म्हणाल्या, 'शेवंती घालते, उमे घालते. ते फूल आमच्या घरात दादा गेल्यापासून कुणी घातलं नाही.' मग चहात गरम पाणी ओतत, 'झाडाखाली बसते की पण. झाडाचा काय दोष?' दादा कसे गेले ते मी विचारलं नाही. माझ्या तक्त्यात साकुरापुढे एक शब्द होता आणि तो शब्द त्या पोरांना सांगितलेल्या शब्दाच्या अगदी जवळचा होता, हे मात्र त्या रात्री लक्षात आलं. ब्रँडला मेल लिहिला. उत्तर आलं, माल केव्हाच संपला.

आजच्या शंभर येनच्या नाण्यावर साकुरा आहे, पन्नासच्या नाण्यावर शेवंती.

युद्धानंतर किमोनो रोजच्या वापरातून गेला आणि कातागामिही. १९५५मध्ये सरकारनं शिरोकोच्या सहा कारागिरांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. त्यांपैकी रोकुतानि बाइकेन भोकांचे उस्ताद. आणि सहा जणांत एकच बाई, जोनोकुचि मिए. तिचं काम कोरण्याचं नव्हतं. फार कोरल्यावर कागदात उरतं ते जाळं. रेषा लोंबतात, खळ ओढताना तुटतात. अशा वेळी कोरलेल्या कागदाचे दोन पदर अलगद सोडवायचे, मधे केसाएवढा रेशमाचा धागा ताणून बसवायचा आणि पदर पुन्हा असे चिकटवायचे की भोकावर भोक तंतोतंत यावं. कापडावर या धाग्याची खूण उमटत नाही. खळ त्याच्या खालून मिळून जाते. पुढे रेशमी जाळी वरून चिकटवायची सोपी पद्धत आली आणि हे काम जवळपास थांबलं. संग्रहालयात एका कातागामिमागे दिवा लावलेला होता. त्या उजेडातच ते धागे दिसले, एकदा दिसल्यावर मग सगळीकडे दिसू लागले.

तिथून वीसेक मिनिटं चाललं की जिकेचं कान्नोन-जि देऊळ. अंगणात एक साकुरा आहे, कुंपण घातलेला. त्याला फुदान-झाकुरा म्हणतात, न खंडणारा साकुरा, कारण तो हिवाळ्यातही थोडाथोडा फुलत राहतो. गावची दंतकथा अशी, की या झाडाचं किड्यांनी खाल्लेलं पान पाहून कुणाला तरी कागदाला भोकं पाडायची कल्पना सुचली आणि कातागामि जन्मले. इतिहासकार ही कथा हसून बाजूला ठेवतात.

मी गेले तेव्हा फांद्यांवर पाच-सहा फुलं होती, फिकट, थंडीनं आकसलेली. पानं मात्र बरीच खाली पडलेली. कुंपणाबाहेर आलेलं एक उचललं, उजेडाकडे धरलं. भोक नव्हतं. दुसरं उचललं. तिसऱ्यात दोन होती, देठाजवळ, बऱ्यापैकी गोल.